दोघांच्या होडीत एकटी

दवाखान्यांमधून तिला सगळे ‘मशीनवाल्या बाई’ म्हणत. एक्स-रेची मशिनं दुरुस्त करणं हे तिचं काम. वय पन्नाशीला टेकलेलं, लग्न राहून गेलेलं आणि घरी अंथरुणाला खिळलेले वडील. तेरा वर्षं तिने एकच नियम पाळला होता. सकाळी कितीही लवकर निघावं लागो, संध्याकाळी घरी परत. दिवसा शेजारच्या काकू बाबांकडे बघत, काकू गेल्या की ती. त्यामुळे लांबच्या गावांची कामं इतरांच्या गळ्यात पडत. त्यांची कुरकुर ती मुकाट्याने ऐकून घेई.

चार महिन्यांपूर्वी बाबा गेले. साहेबांनी काही दिवस कळ काढली आणि मग लांबचं पहिलं काम दिलं.

“आता काय, तुम्ही मोकळ्या,” ते म्हणाले. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं.

त्या वेळी ती लॉजवर उतरली. पहाटे भिंतीपलीकडे कोणीतरी खोकलं आणि ती ताडकन उठून चपला शोधू लागली. दाराच्या कडीला हात लागला तेव्हा कुठे भानावर आली. त्यानंतर पुन्हा आठ तासांच्या रस्त्यावरचं काम आलं, तेव्हा तिने लॉजचं नावच काढलं नाही. वाटेत एका नदीकाठी तंबू भाड्याने मिळत, तिथे एक मुक्काम ठरवला.

दुपारी चारला ती पोचली. पाच तंबू, पाचही रिकामे. जागा सांभाळणारा म्हातारा कान टोकरत बसला होता.

“किती जण?”

“मी एकटीच.”

“मग कुठलाही घ्या. आठवड्याच्या मधे इथे चिटपाखरू येत नाही. होडीत बसणार? कनू आहे, ती लांबट निमुळती होडी, पण दोघांची आहे.”

“एकटीने चालत नाही?”

“चालते की. पण पुढे वजन लागतं. नाहीतर नाक वर उचलतं आणि वारा नेईल तिकडे जाते.” त्याने पाण्याने भरलेला मोठा कॅन पुढच्या फळीवर ठेवून दोरीने आवळला. “घ्या, झाली सोबत.”

वल्हं कसं धरायचं ते त्याने दोनदा दाखवलं. पहिला अर्धा तास फार छान गेला. पाणी संथ होतं, दोन्ही काठांना झाडं, माणूस कुठे नाही. एका वळणावर होडी जरा कलली आणि ती पटकन म्हणाली, “घाबरू नका, मी आहे ना.”

बोलून झाल्यावर तिला कळलं, आपण कॅनशी बोललो. तेही बाबांना कुशीवर वळवताना बोलायचो त्याच आवाजात.

वळणापलीकडे वारा बाजूने आला. होडी आडवी झाली, गरकन फिरली आणि काठच्या लव्हाळ्यात घुसली. तळ चिखलात रुतला. तिने जोर लावून पाहिला, हलेना. जॅकेटच्या खिशातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून फोन काढला आणि धाकट्या बहिणीला लावला.

“ताई, बरं झालं तूच केलास. बाबांच्या खाटेचं काय केलंस?”

“अजून काही नाही.”

“अगं, देऊन टाक कोणाला तरी. खोली मोकळी होईल. आवाज कसला येतोय?”

“वाऱ्याचा. कामाच्या वाटेवर आहे.”

“बरं, जप. दारात कोणी आलंय, ठेवते हं.”

फोन पिशवीत ठेवताना तिला रडू फुटलं. बाबा गेले त्या दिवशी आल्यागेल्याची सोय बघण्यात रडायचं राहूनच गेलं होतं. आता ती हमसून हमसून रडली. ऐकायला कोणी नव्हतं, त्यामुळे आवरायचंही कारण नव्हतं.

मग नाक पुसून तिने होडीकडे मशीनकडे बघावं तसं बघितलं. वजन मागे आहे, म्हणून मागचा तळ रुतलाय. ती सरकत सरकत मधोमध आली, गुडघे टेकले आणि वल्हं चिखलात रोवून रेटलं. तिसऱ्या रेट्याला होडी सुटली. गुडघ्यांवरच बसून, वाऱ्याशी झगडत ती तासाभराने परत आली. म्हातारा दुसरी होडी अर्धी पाण्यात ढकलून उभा होता.

“मी निघतच होतो,” तो म्हणाला. “घरी कळवलंत ना, पोचलात म्हणून?”

“हो,” ती म्हणाली.

त्या रात्री ती तंबूत आडवी झाली, ती थेट उजाडल्यावरच उठली.

पुढच्या गावच्या दवाखान्यात मशीनचं झाकण काढताना हात झोंबू लागले. नर्सबाईंनी तळव्यांवरचे फुटलेले फोड बघितले आणि तिला बाकावर बसवलं.

“हे काय करून घेतलंत?”

तिने सांगितलं. होडी, वारा, चिखल. मग न विचारताच बाबांचंही सांगितलं. नर्सबाई मान हलवत पट्टी गुंडाळत होत्या. पट्टी संपली तशी त्यांना आतून हाक आली.

“दोन दिवसांनी बदला,” जाता जाता त्या म्हणाल्या. “घरी कोणाकडून तरी करून घ्या. एका हाताने जमत नाही.”

दुपारपर्यंत मशीन चालू झालं. डॉक्टरांनी सही केली आणि ती रातोरात घरी पोचली.

दोन दिवसांनी स्वयंपाकघरात उभं राहून तिने पट्टी बदलली. एक टोक दातांत धरलं, दुसरं अंगठ्याखाली दाबलं. तीनदा सुटली. चौथ्यांदा वाकडी बसली, पण बसली.