शिजवून पाठवलेला नमुना

आमच्या चाकणच्या लॅबमधले किस्से ठेवायला आता वेगळं कपाट लागेल, राव! आजूबाजूच्या कंपन्यांत गाड्यांचे पार्ट बनतात आणि आम्ही कोकणातल्या एका खाडीतल्या तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, तपासतो. पाण्यातल्या बारीक शेवाळाचं विष कधीकधी या शिंपल्यांत साठतं. आमचा रिपोर्ट 'पास' आला, की गावातल्या बायका ओहोटीला तिसऱ्या काढायला उतरतात. 'फेल' आला, की खाडी बंद.

मी त्याच खाडीकाठची. तीन वर्षं गावी गेलेली नाही. खाडी उघडी असते तेव्हा ऑडिट, आणि सुट्टी मिळते तेव्हा खाडी बंद! फार आठवण येते हो.

*

आमचे वॉचमनकाका मराठवाड्यातले. पहिल्यांदा नमुन्यांचा खोका उघडला तेव्हा म्हणाले, "मॅडम, दगडं बर्फात घालून कशापायी मागवता?"

मी एक तिसरी त्यांच्या हातावर ठेवली. तिनं पाण्याची बारीक पिचकारी मारली!

"आयला, जित्तं हाय की!"

तेव्हापासून काका खोका लांबूनच दाखवतात.

*

केमिस्ट प्रसाद राजगुरुनगरचा, माळकरी घरातला. दिवसभर तिसऱ्या मिक्सरला लावतो. घरी गेला की आई दारातच अडवते, "आधी आंघोळ!"

एकदा तिनं विचारलं, "पण शेवटी हे खातं कोण?"

"कोणी नाही गं, मशीनला घालतो."

"म्हणजे मशीनसुद्धा बाटवलंत!"

*

खाडी बंद केली की गावातून तिसऱ्या काढणाऱ्या आक्कांचा फोन ठरलेला.

"बाय, दोनदा उकळल्या तर?"

"नाही आक्का, हे विष उकळून जात नाही."

"आणि आमसुलं जास्त घातली तर?"

प्रसाद पोट धरून हसला. आमसुलं म्हणताच माझ्या मात्र तोंडाला पाणी सुटलं, आणि डोळ्यांनाही.

*

एकदा गावाकडून आलेल्या खोक्यात बर्फाखाली स्टीलचा डबा निघाला. आत तिसऱ्यांचं सुकं, वर ओलं खोबरं! सोबत फॉर्मही नीट भरलेला. नमुना घेणाऱ्याचं नाव: आई. शेरा: तपासून लगेच खाणे.

खाडी तेव्हा बंद होती. लगेच फोन लावला.

"आई, तू खाल्ल्यास का?"

"खुळी की काय! तू पास केल्याशिवाय कशी खाईन? तुझा वाटा पाठवला, माझा झाकून ठेवलाय."

प्रसादनं डब्यातल्या थोड्या मिक्सरला लावल्या आणि मशीन सुरू केलं. लॅबभर आईच्या वाटपाचा, वाटलेल्या मसाल्याचा वास. मी डब्याचं झाकण लावून शेजारीच बसून राहिले. देवा, आजच्या दिवस पास होऊ दे, एवढंच मनात.

संध्याकाळी आकडा आला. मर्यादेच्या वर. फेल.

"आई, टाकून दे गं."

"आणि तुझ्या डब्यातल्या?"

"त्याही टाकल्या."

"मग तू आज जेवलीस काय?"