उमरेडकरांचे सत्तर टक्के

१२ मार्च १९८८, शनिवार. स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर कागद बदलते आहे. ऑफिसातल्या कॉम्प्युटरचेच जुने, कडेला भोकं असलेले. एकावर उमरेडकरांचं नाव निघालं. यामागची गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही — नवऱ्यालाही नाही.

चार वर्षांपूर्वी धरमपेठेतल्या आमच्या ऑफिसासाठी मी एक प्रोग्राम लिहिला. दुसऱ्या प्रोग्रामच्या कुठल्या भागाला किती वेळ लागतो, ते तो मोजायचा. त्याला दोन ऑप्शन होते. एक दिला तर मशीन राबलं तेवढाच वेळ धरायचा. दुसरा दिला तर भिंतीवरच्या घड्याळासारखा सगळाच. दोन्ही एकदम दिले तर? — इतकं बावळट कोण असेल, असं मी म्हटलं. शेवटी लिहिलेला ऑप्शन गुपचूप चालेल, असं ठेवून दिलं.

बिलांचं काम फार रेंगाळायचं. मी मोजलं. उमरेडकरांच्या भागाला सत्तर टक्के वेळ. ते नवे, अजून कायम व्हायचे होते. भर मीटिंगमध्ये मी विचारलं, "हा कोड आहे की बैलबंडी?" सगळे हसले. तेही हसले.

"मॅडम, मले समजूनच नाही राहिलं, काहून इतका वेळ लागते," असं म्हणत त्यांनी तीन आठवडे तोच भाग पुन्हा पुन्हा लिहिला. आकडा सत्तरच.

मग एकदा मी माझीच कमांड नीट वाचली. टर्मिनलवर चिकटवलेल्या चिठ्ठीवरून उतरवताना मी मला हवा असलेला, मशीनच्या वेळेचा ऑप्शन आधी घातला होता — आणि चिठ्ठीतला घड्याळाचा शेवटी तसाच राहिला होता. उमरेडकरांचा भाग टेपवरून वाचायचा. टेप बदलेपर्यंत मशीन नुसतं थांबून राहायचं, आणि ऑपरेटर वानखेडे नेमके खाली पानठेल्यावर तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटून घेत असायचे. माझा प्रोग्राम तीन आठवडे वानखेड्यांचा खर्रा मोजत होता.

हसू आलं का? मलाही आलं होतं. पण उमरेडकरांना आणखी सहा महिने कायम न करण्याचा कागद साहेबांच्या टेबलावर पडला होता, सही व्हायची होती. माझं एक वाक्य पुरलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साडेनऊलाच गेले आणि प्रोग्राम दुरुस्त केला. दोन्ही ऑप्शन दिले तर तो थांबायचा आणि दोनपैकी एकच द्या म्हणायचा. साहेब खूश झाले. हे कसं सुचलं, त्यांनी विचारलं.

"नवी माणसं चुका करतात," मी म्हणाले. ते मान हलवत होते, आणि हलवता हलवता त्यांनी त्या कागदावर सही केली.