ताईच्या नावावरची गाडी

मी जन्मले त्या उन्हाळ्यात कुंडलच्या आमच्या विहिरीला पाणी लागलं, आणि तेव्हापासून माझ्या नावाला गुण आहे असं आबांनी ठरवून टाकलं. ट्रॅक्टर माझ्या नावावर, विहिरीवरच्या मोटारीचं कनेक्शन माझ्या नावावर, टेम्पो माझ्या नावावर. लग्नात सासरच्यांना वाटलं असणार, पोरगी भलतीच मालदार आहे. यातल्या एकाचीही किल्ली माझ्या हातात कधी पडली नाही. धाकट्या भावाला मोटारसायकल घेतली तीही माझ्याच नावावर. त्यानं हौसेनं मागच्या मडगार्डवर रंगवून घेतलं, 'ताईची कृपा'. त्यावरून मी त्याला पुष्कळ चिडवलं, पण मनातून मला ते आवडलं होतं.

त्याच गाडीवरून तो घरातून गेला. माण तालुक्यातल्या, मेंढरं राखणाऱ्या घरातल्या एका मुलीशी त्याला लग्न करायचं होतं. आबा म्हणाले, "ती ह्या घरात येणार न्हाई." तो म्हणाला, "मग मी बी न्हाई." बापलेक दोघेही एकाच मातीचे. त्यानं मोबाइलचा नंबर बदलला आणि आबांनी त्याचं नाव घ्यायचं सोडलं. आम्हीही त्यांच्यासमोर घेईनासे झालो.

बऱ्याच महिन्यांनी एका दुपारी कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी मोजून घेत होते, तेव्हा मोबाइलवर चलान आलं. सातारा, पोवई नाका, हेल्मेट नाही. माझं डोकंच फिरलं. मी सांगलीत विश्रामबागेतल्या माझ्या घरापासून कॉलेजपर्यंत स्कूटर चालवणारी बाई, तीही हेल्मेट घालून, आणि साताऱ्यात दंड माझ्या नावानं? चांगली खरमरीत तक्रार करायची म्हणून मी ती लिंक उघडली. फोटोत मोटारसायकलवरच्या माणसाची पाठ होती, निळा शर्ट होता, आणि खाली मडगार्डवर 'ताईची कृपा'. मी तिथल्याच स्टुलावर बसले. जे एकाही नातेवाइकाला सांगता आलं नव्हतं ते सरकारनं कळवलं होतं. तो जिवंत होता, साताऱ्यात होता, आणि अजून तसाच बेफिकीर होता.

दंड भरायचा नाही असं मी ठरवलं. कधीतरी पोलिसांनी त्याला अडवावं, मागची सगळी चलानं दाखवावीत, आणि चिडून का होईना, त्यानं बहिणीला फोन करावा, एवढाच माझा डाव होता. फोन आला नाही. चलानं येत राहिली.

माहेरी गेले की आई मला परसात गोठ्याकडं घेऊन जायची आणि मोबाइल मागायची. "सुकलाय गं," ती म्हणायची.

"आई, पाठीचा फोटो आहे. तोंड कुठं दिसतंय?"

"पाठीवरनंच कळतंय."

पुढच्या एका फोटोत मागं हिरव्या साडीतली बाई बसली होती. आईनं तो बोटांनी मोठा करून करून पाहिला आणि सून नीट पदर घेऊन बसते एवढं प्रशस्तिपत्र दिलं. मग एक फोटो आला तो समोरून काढलेला. पेट्रोलच्या टाकीवर लहान मुलाची खुर्ची बसवलेली, तिच्यात पिवळी कानटोपी घातलेलं पोर. पोलिसांच्या लेखी तो विनाहेल्मेटचा गुन्हा होता, आमच्यासाठी ते बारसं होतं. आईनं त्या चलानावरून बोटं मोडून दृष्ट काढली. आबांना आम्ही काही सांगितलं नाही. त्यांच्यासमोर कोण तोंड उघडणार होतं?

गाडीच्या कागदांवर पत्ता मात्र माहेरचाच राहिला होता. त्यामुळे लोकअदालतीची नोटीस कुंडलला गेली आणि नेमकी आबांच्या हातात पडली. सकाळच्या एसटीनं ते माझ्या दारात हजर. चहालाही थांबेनात. "माझ्या लेकीच्या नावाला कोर्टाचा कागद? चल, आत्ताच्या आत्ता खोडून घिऊ."

मी म्हणाले, "आबा, जाऊ द्या, मी भरते."

"तू का भरशील? तू केलंस का?"

आम्ही सांगलीच्या वाहतूक शाखेत गेलो. तिथला अधिकारी भला माणूस होता, त्यानं आबांना खुर्ची दिली. आबा म्हणाले, "सायेब, ही गाडी हिनं चालवलीच न्हाई. नाव तेवढं हिचं हाय."

"मग चालवतं कोण?"

मी म्हणाले, "माझा भाऊ."

"हिला भाऊ न्हाई," आबा म्हणाले.

अधिकाऱ्यानं माझ्याकडं पाहिलं, आबांकडं पाहिलं. "बाबा, भाऊ नाही तर गाडी नेली कुणी? चोर लिहू का?"

"लिवा," आबा म्हणाले.

मला रडू आलं आणि संतापही आला. चोर लिहिलंत तर मी सही करणार नाही, असं मी तिथंच सांगितलं. शेवटी अधिकाऱ्यानंच मधला मार्ग काढला. गाडी माझ्या ताब्यात नाही, चालवणारा कोण ते माहीत नाही, असा अर्ज झाला. खाली मालकाची सही हवी होती, मी केली. चलानं रद्द होतील, गाडी दिसली की अडवतील, असं त्यानं समजावलं. परतताना आबा रस्ताभर खूश होते. लेकीचं नाव सुटलं होतं.

काही आठवड्यांनी साताऱ्याहून फोन आला, गाडी घेऊन जा. मी एकटीच गेले. जप्तीच्या गाड्यांच्या रांगेत ती उभी होती, धुळीनं माखलेली, तरी मडगार्डवरची अक्षरं दिसत होती. हवालदारानं किल्ली माझ्या हातात ठेवली.

"भांडला का तो?" मी विचारलं.

"न्हाई वं ताई. तुमच्या अर्जाचा कागद मागून घेतला, वाचला. खालची सही लय येळ बघत बसला. म्हणला, ही ताईचीच हाय. आन् किल्ली दिली."

"मग?"

"मग माझ्याकडनं पाना मागून घेतला, पोराची खुर्ची तेवढी सोडवली, आन् गेला. पायीच. पोरगं खांद्यावर हुतं."

कुठं गेला, हे हवालदाराला माहीत असायचं कारण नव्हतं. तरी मी दोनदा विचारलं.

गाडी टेम्पोत घालून कुंडलला पोचवली. दुसऱ्या दिवशी आबांनी ती अंगणात धुवायला काढली. लेकीच्या नावावरची वस्तू घरी आली, आता ती चकचकीत करायची. आई उंबऱ्यात बसून बघत होती, मी चहा घेऊन बाहेर आले. टाकी पुसता पुसता आबांचा हात थांबला. दोन्ही बाजूंना रंग घासून गेला होता, खाली पत्रा उघडा पडला होता.

"हितं काय बसवलं हुतं ह्येनं?"

मी आईकडं पाहिलं. इतके दिवस गप्प राहिलेली आई उंबऱ्यातूनच म्हणाली, "तुमच्या नातवाची खुर्ची."

आबांनी ओला फडका बादलीत टाकला. त्या घासलेल्या जागेवरून त्यांनी बोट फिरवलं. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "तुमी बघितलंय त्याला?"

"फोटोत," मी म्हणाले. "चलानावर आला होता. पिवळी टोपी आहे."

"दाव."

त्यांनी हात धोतराला पुसले, खिशातला चष्मा काढून डोळ्यांवर लावला आणि मोबाइल हातात घेतला. मी ती लिंक उघडून दिली. तो फोटो हवा तेव्हा दिसायचा, म्हणून वेगळा जपून ठेवायचं आम्हाला कधी सुचलंच नव्हतं. पडद्यावर गाडीचा नंबर आला, माझं नाव आलं, आणि त्याखाली एकच ओळ: आपल्या नावावर एकही चलान नाही.