झऱ्याच्या वरची झाडं

मी निघाले त्या दिवशी आबा एसटीच्या थांब्यावर वेळेत आलेच नाहीत. फेब्रुवारी संपत आला होता, गवत वाळलं होतं, आणि आबा वनखात्यात गार्ड. या दिवसांत डोंगरात जाळरेषा काढायची असते, म्हणजे वणवा पुढं सरकू नये म्हणून गवताचा एक पट्टा आधीच आपल्या हातानं जाळून टाकायचा. आई म्हणाली होती, "आज तरी राहू दे की तो डोंगर." गाडी सुटायच्या बेतात असताना ते आले. खाकी शर्टावर राख, भुवया करपलेल्या. मी तडकलेच. मुलगी परदेशी चाललीय आणि तुम्हाला गवताची पडलीय, म्हटलं. तर म्हणाले, "डोंगर पेटला तर तू येणार हैस व्हय ग्लासगोवरनं इझवायला?" आणि हसले. डोक्यावर हात ठेवला तेव्हा माझ्या केसात राख पडली. ती मी मुंबईच्या विमानतळावर झटकली.

वाडीत राहिलेल्या आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्या सगळ्यांसाठी हे लिहितेय. ग्रुपवर एवढं लांबलचक कुणी वाचत नाही, मीही वाचत नाही. पण हे वाचा, आणि अर्ध्यात सोडू नका.

आपला झरा तुम्हाला सांगायला नको. बाहेर वाढलेल्या पोरांसाठी सांगते: वाडीच्या डोक्यावर सामाईक डोंगर, त्यावर ऐन, जांभूळ, हिरडा, खाली कारवी, आणि त्या सगळ्याच्या पायाशी दगडातून येणारं पाणी. मे महिन्यातही करंगळीएवढी धार असायची. तेवढ्यावर आख्खी वाडी जगायची. झऱ्याच्या वर कुऱ्हाड न्यायची नाही, हा आबांचा नियम. सरकारी नोकरीतला नव्हे, घरचा. "पाणी वर ऱ्हातंय, खाली नुसतं दिसतंय," असं ते म्हणायचे. मला लहानपणी वाटायचं, वर कुठंतरी टाकी असेल.

आणि मी शिकले काय, तर हेच. ग्लासगोला जे पाणी नळाला येतं, ते जिथं पडतं त्या डोंगरांची देखभाल करणारी आमची टीम आहे. इथं याला कॅचमेंटचं काम म्हणतात. हिवाळ्यात वर जाऊन बर्फात रोवलेल्या खांबांवरच्या खुणा वाचायच्या. घळीत साचलेला बर्फ मेपर्यंत हळूहळू वितळतो आणि खालच्या तलावाला पुरतो. हल्ली तो मार्चमध्येच संपतो. मग वायपर लावून गाडीत बसायचं, फ्लास्कमधला चहा प्यायचा आणि शेजारच्या युअनची बडबड ऐकायची. हा युअन त्या डोंगरावर मेंढ्या पाळणारा म्हातारा. ऑफिसातले सगळे गाढव आहेत, हे त्याचं ठाम मत, आणि ते तो आम्हाला चहा देत सांगतो.

कामाचा दुसरा भाग म्हणजे झाडं तोडणं. हसू नका. इथं जुन्या लोकांनी लाकडासाठी उघड्या डोंगरांवर स्प्रूस लावून ठेवलाय, इतका दाट की आत दिवसाही अंधार. पाऊस त्याच्या पानांवरच अडकतो आणि उडून जातो. खाली पीटची जमीन आहे, शेवाळ कुजून झालेली काळी, फुगलेली माती. ती स्वतःच पाणी धरून ठेवते, तिला झाडांची गरज नाही. तेव्हा स्प्रूस काढा, लागवडीसाठी खणलेले चर बुजवा, पाणी वाढतं. मी हे इतक्या मीटिंगमध्ये सांगितलंय की झोपेतही सांगेन.

आबा रिटायर झाले त्यानंतरची गोष्ट. वाडीला डोंगरावर काजू लावायचा होता. तुमची चूक नव्हती, पोरं मोठी होत होती. पण आबांना विचारल्याशिवाय झऱ्याच्या वरच्या झाडाला कुणी हात लावला नसता. त्यांचा फोन आला तेव्हा मी साइटवर होते, समोर मशीन स्प्रूस आडवे करत होतं. आबा म्हणाले, "लोक मागं लागल्यात. माझं मन घेत न्हाई. पण तू पाण्यातली शिकलीयास, तू सांग. वरची झाडं काढली तर?" मी म्हटलं, "काढू देत आबा. झाडं पाणी पितात. उलट झरा वाढेल." मग मशीनच्या आवाजात काही ऐकू येईना. नंतर करते म्हणून फोन ठेवला. तो नंतर मी केला नाही.

दोन मिनिटं. एवढाच वेळ दिला मी त्या डोंगराला.

आपल्याकडे चार महिने पाऊस कसा बदडतो आणि माती झाडांच्या मुळांनीच धरलेली असते, हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी त्यात इरलं घेऊन शाळेत गेलेय. पण मी इथलं बोलले, इथल्या पीटवर उभी राहून, आणि शहाणपणा तिकडं पाठवून दिला.

झाडं तोडली, काजू लावला, आणि पहिल्या उन्हाळ्यात धार खरंच वाढली. आबांचा फोन आला, "पोरी, तू म्हणालीस तसंच झालं की गं." त्यांच्या आवाजातला तो आनंद मला अजून सहन होत नाही. तिसऱ्या पावसाळ्यात वरची सगळी माती झऱ्यात उतरली. पुढच्या मार्चमध्ये दगड कोरडा पडला आणि काजूही जळून गेला. तेव्हापासून वाडीला टँकर येतो.

दोन वर्षांपूर्वी आले तेव्हा मी आबांबरोबर वर चढले. झऱ्याच्या दगडाला वाळलेला चिखल होता. मी रडले, म्हटलं, "आबा, माझ्यामुळं झालं हे." त्यांनी तो चिखल पायानं खरवडून बघितला. मग म्हणाले, "चल, ऊन झालंय." उतरताना विचारलं, "तुमच्याकडं औंदा बर्फ किती पडला?" आणि मी आकडा सांगितला.

देवळाच्या कट्ट्यावर त्यांच्याशेजारी तेव्हा कुणी बसत नव्हतं, हे मी पाहिलं. झरा आटल्याचाच तो राग, असं मला वाटलं.

गेल्या वर्षी आबा गेले. मी तिसऱ्या दिवशी पोचले. शेजारची इंदूकाकू पिठलं-भाकरी घेऊन आली. टँकर आल्यापासून तिनं आमच्या उंबऱ्यात पाऊल टाकलं नव्हतं. माझ्या ताटात वाढता वाढता म्हणाली, "तुजं ऐकलं असतं तर ही पाळी आली नसती बघ. तू फोनवर नको नको म्हणत हुतीस, सगळं सांगितलं त्यांनी आमाला. पोरगी अडवत हुती, मीच हट्ट केला, म्हणाले. एवढी शिकलेली लेक, तिचं तरी ऐकायचं."

आई चुलीकडं बघत होती. खरं काय ते तिला माहीत होतं.

मी काय केलं? मी ती भाकरी खाल्ली. चांगली झालीय काकू, असंही म्हटलं. तेराव्यानंतरच्या दहा दिवसांत प्रत्येक घरात मला चहा मिळाला, टँकरच्या पाण्याचा, आणि प्रत्येक घरात आबांना बोल लागला. मी मान हलवत राहिले.

परवा युअनच्या डोंगरावरची झाडं काढायची मीटिंग होती. मला नेहमीचं बोलता येईना. मी त्यालाच विचारलं, तुमच्या इथं पाणी कसं वागतं, सांगा. म्हातारा दोन तास बोलला. माझ्या मॅनेजरनं नंतर विचारलं, आर यू ऑलराइट? नव्हते मी.

तर आता ऐका. काढू देत असं मी म्हटलं होतं. आबांचं मन घेत नव्हतं. हट्ट त्यांचा नव्हता, उत्तर माझं होतं. वाडीचं दार मला उघडं राहावं म्हणून त्यांनी ते आपल्या अंगावर घेतलं, आणि शेवटची वर्षं कट्ट्यावर एकटे बसले. इंदूकाकू, तुझी ती भाकरी खाण्याआधी मी हे सांगायला हवं होतं.

ग्लासगोत माझा नळ सोडला की गार, गोड पाणी येतं, आणि घर म्हणजे ते नव्हे, एवढं मला कळलंय. आबांनी खोटं बोलून माझ्यासाठी राखलेली जागा म्हणजे घर, आणि आज ती मी माझ्या हातानं परत देतेय. मे महिन्यात येतेय. तांब्याभर पाणी पुढं केलंत तर घेईन. नाही केलंत, तर कट्ट्यावर जाईन आणि आबा बसायचे तिथं बसेन.