मोडक्या क्रूसापुढचा नारळ

अंधेरीचा तो मोडलेला क्रूस मी अजून विसरलेलो नाही. सत्तर सालच्या आसपासची गोष्ट; मी तेव्हा तिथल्या पोलीस ठाण्यात फौजदार होतो. पूर्वेकडच्या एका ख्रिस्ती गावठाणाच्या वळणावरचा दगडी क्रूस सकाळी आडवा पडलेला दिसला. पंचनामा होईपर्यंत गर्दी तापली होती. शेजारच्या नव्या वसाहतीतल्या पोरांनीच तो पाडला, असं गावाचं ठाम मत. एखादा दगड भिरकावला गेला असता, तर दंगलच पेटली असती. जवळच्या दगडखाणीच्या ट्रकांनी वळणावरच्या मातीतल्या खुणा पुसून टाकल्या होत्या. वसाहतीतल्या पोरांचे जबाब घेतले, पण हाती भोपळा!

तीन-चार दिवसांनी गावठाणातली एक म्हातारी ठाण्यात आली.

"सायेब, तुटलेल्या क्रूसापुढं कोन तरी रोज नारल ठेवतं. आमी मेनबत्ती लावतो, नारल नाय ठेवत."

नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायची रीत कोकणातली; ठेवणारा तिकडचा आणि मनाला टोचणी लागलेला असणार, हे मी ताडलं. साध्या वेशातला हवालदार पाळतीवर बसवला. त्याने नारळासकट आणला तो रस्त्याच्या कामावरचा बुलडोझर ड्रायव्हर, मालवणकडचा. त्याला चहा दिला. आवाज चढवावाच लागला नाही.

"सायबानू, माझ्याच हातान मोडलो तो. माफी मागूक येतंय. सांगलंय तर नोकरी जातली, म्हणान गप रवलंय."

नियम साधा होता. लोखंडी साखळ्यांवर चालणारं यंत्र सार्वजनिक रस्त्याने न्यायचं तर ट्रेलरवर चढवून, पुढे लाल झेंडेवाला ठेवून. रस्त्याच्या कंत्राटदाराने दोन्हींना फाटा दिला होता, आणि वळणावर पुढचं पातं क्रूसाला घासलं.

"आमची मशीन ट्रेलरशिवाय हलतच नाही, साहेब," कंत्राटदार म्हणाला. मी त्याला त्याच्या यार्डाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर नेलं. गावठाणाच्या फाट्यापर्यंत साखळीचे दात उमटलेले होते. त्याचं तोंड एवढंसं झालं. गुन्हा त्याच्यावर दाखल केला.

ड्रायव्हरला गावात नेताना मी चार शिपाई बरोबर घेतले. त्याने सगळ्यांपुढे हात जोडले. मग गावचा ख्रिस्ती पाटील हसला. "अरे, पयल्याच दिवशी बोलला असता, तर एवढे नारल कशाला फुकट घालवले?" सगळे हसले, आणि माझा जीव भांड्यात पडला.

कंत्राटदाराने ड्रायव्हरला काढलं, तर याच पाटलाने त्याला दुसरीकडे चिकटवून दिलं.

काही मोडलेलं दिसलं की आपण आधी वैरी शोधतो. बहुतेक वेळा तिथे कुणाची तरी घाई आणि कुणाची तरी भीती सापडते, हे मी तिथे शिकलो. नवा क्रूस उभारताना दगड उचलायला वसाहतीतली ती पोरं न बोलावता आली. गावाने त्यांना जेवू घातल्याशिवाय सोडलं नाही.