नंबरबाईंची मोजणी

डोळ्यांच्या दवाखान्यात बावीस वर्षं पेशंटांची नावं पुकारणाऱ्या बाईंना सगळे नंबरबाई म्हणत. चष्म्याचा नंबर डॉक्टर काढत, रांगेतला नंबर बाई देत, आणि बाईंचा मिळणं जास्त कठीण, अशी पेशंटांची तक्रार असे. जीभ फटकळ, पण डोळ्यांत थेंब घालायचा हात इतका हलका की लहान मुलंही रडायचं विसरत.

थेंब घातल्यावर चार-पाच तास धूसर दिसतं, गाडी चालवायची नसते. म्हणून बाई प्रत्येकाला विचारत, "घरी कसे जाणार?" उत्तरं ऐकून त्यांचा जीव खालीवर होई. कुणाची मुलगी रजा टाकून आलेली, कुणी भिंत चाचपडत निघालेलं. बस होती, पण रस्त्याच्या दोन्ही कडांना गाड्या लावलेल्या, त्यामुळे ती यायची तिच्या लहरीने.

नगरपालिकेने रस्त्याचा एक पट्टा फक्त बससाठी राखायचं मनावर घेतलं आणि लोकांचं म्हणणं ऐकायला सभा ठेवली. दुकानदारांनी कंबर कसली. पुढाकार शेजारच्या चष्मेवाल्याचा. "गाडी लावायला जागा नसेल तर गिऱ्हाईक येईल कशाला?" म्हणत तो विरोधाचा अर्ज घेऊन दवाखान्यात आला. डॉक्टरांनी न वाचताच सही ठोकली.

बाईंना ते फार लागलं. रात्री जेवताना त्यांनी नवऱ्यापाशी मन मोकळं केलं.

"डॉक्टरांशी वाकडं घेऊ नकोस," नवरा म्हणाला. "भांडलीस तर हरशील. नुसती मोजत राहा. मोजणाऱ्याचा हात कोण धरतंय?"

दुसऱ्या दिवसापासून वहीत नावापुढे बाई एक शब्द जास्त लिहू लागल्या: बस, पायी, स्वतःची गाडी, दुसऱ्याच्या मागे बसून. थेंब घालून पेशंट अर्धा तास डोळे मिटून बसत. पळून जाणार कुठे? बाई त्यांना सभेचं आमंत्रण देत.

"आमचं कोण ऐकतंय, बाई?" एक म्हातारे सुतार म्हणाले.

"बोलू नका मग. नुसती खुर्ची अडवून बसा. रिकाम्या खुर्चीला कुणी भीत नाही."

महिन्याअखेरीस डॉक्टरांनी वही उचलली. बाईंनी बोलणी खायची तयारी ठेवली. डॉक्टर पानं उलटत राहिले. तीनशे चाळीस पेशंट, त्यांतले स्वतःच्या गाडीने आलेले शेहेचाळीस.

"हे खरं आहे?"

"खोटं लिहायला मला सवड कुठे आहे, डॉक्टर?"

दुपारी शेजारी जाऊन डॉक्टरांनी अर्जावरची आपली सही खोडली.

सभेत साठ-सत्तर पेशंट आले होते. बाई उभ्या राहिल्या. वही वाचून त्या गपकन खाली बसल्या.

"दवाखान्याचे आकडे दवाखान्यापाशी," चष्मेवाला म्हणाला. "माझं गिऱ्हाईक वेगळं."

"अहो, तिथून उठून आम्ही तुमच्याकडेच तर येतो," मागून सुतार बोलले. सभा हसली. चष्मेवालाही आधी हसला, मग ओशाळला.

पट्टा मिळाला, पण सहा महिन्यांच्या बोलीवर आणि रस्त्याच्या निम्म्याच लांबीला. चष्मेवाल्याने बाईंशी अबोला धरला. बाईंना त्याचं वाईट वाटे, कारण दहा वर्षं दोघांचा चारचा चहा एकत्र होता.

पहिल्या सोमवारी सुतारांच्या डोळ्यांत थेंब होते. बाईंनी स्वतः कोपराला धरून त्यांना थांब्यावर नेलं. बस दहाव्या मिनिटाला आली. त्यांना पुढच्या बाकावर बसवून बाईंनी ड्रायव्हरला कुठे उतरवायचं ते दोनदा सांगितलं.

बस सुटता सुटता सुतारांनी खिडकीतून डोकं काढलं. "बाई, औषध दिवसातून कितीदा?"

"तीनदा," बाई ओरडल्या, "आणि डोकं आत घ्या आधी."