विंगेतला प्रधान

विश्वेश्वरराव म्हणजे बंगलोरच्या आमच्या मराठी मंडळाचे प्रॉम्प्टर. एकवीस वर्षं! दिवसभर पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात लेथवर काम, संध्याकाळी तालीम. नाटक कुठलंही असो, हे विंगेत वही घेऊन उभे. पडदा पडला की हार नटांना, आणि ह्यांच्या हातात? वहीच. बायको कावेरी गेल्यापासून बसवनगुडीच्या घरात त्यांच्याशी बोलणारं कुणी उरलं नव्हतं. तालीम होती म्हणून माणसांत होते बिचारे.

सत्त्याण्णव साली गणेशोत्सवाला मंडळानं विलायती नाटक काढलं. इंग्लंडच्या ट्यूडर राजाचा दरबार, त्यात राजाच्या मर्जीतला म्हातारा प्रधान. दुसऱ्या दरबाऱ्याच्या पोटात दुखतं, तो राजाचे कान भरतो आणि प्रधानाचं डोकं उडतं. चिटणीस पद्मनाभ म्हणाले होते, "अण्णा, प्रधान तुम्हीच." विश्वेश्वररावांनी महिन्याभरात सगळं पाठ केलं. अहो, आरशासमोर उभं राहून मिशीला पीळ देत!

आणि ऐन वेळी पुण्याहून अभिराज आला. कॉम्प्युटर कंपनीत नोकरी, आवाज खणखणीत. पद्मनाभांनी सरळ त्यालाच प्रधान केलं. "अण्णा, तुमच्या मराठीत कन्नड फार येतं हो. दरबारात 'जरा थांबा'च्या जागी 'स्वल्प थांबा महाराज' कसं चालेल?" सगळे हसले. विश्वेश्वररावही हसले. हसतील नाहीतर काय करतील! पण आतून पार जळले.

पोरगा मात्र लाघवी. ऑफिसपायी पाठांतर होईना, म्हणून रोज सकाळी स्कूटरवरून ह्यांच्याकडे यायचा. ह्यांनी रव्याचं उप्पिट्टू करायचं, त्यानं खाता खाता प्रधानाची वाक्यं म्हणायची. "काका, विंगेत तुम्ही आहात म्हणून मी उभा राहतो," म्हणायचा. घरात पुन्हा माणसाचा आवाज आला होता. विश्वेश्वरराव पहाटेपासून त्याची वाट बघायचे, आणि त्याच्या तोंडून आपली वाक्यं ऐकताना त्यांचा तिळपापडही व्हायचा. दोन्ही खरं.

प्रयोगाच्या दिवशी न्यायाचा प्रवेश आला. राजानं विचारलं, "तुझ्या बाजूनं बोलणारा या दरबारात कुणी आहे?" आणि अभिराज अडकला. पार कोरा! त्यानं विंगेकडे पाहिलं. प्रॉम्प्टरनं अशा वेळी पहिले दोन शब्द द्यायचे, बस्स, गाडी पुढे जाते. ते दोन शब्द विश्वेश्वररावांच्या जिभेवर होते. त्यांनी ओठ मिटून घेतले.

प्रेक्षकांत चुळबुळ, मग शिट्टी. शेवटी राणी झालेल्या आसावरीनं काहीबाही बोलून प्रवेश गुंडाळला. आत पद्मनाभ भडकले, "अण्णा, झोपला होतात काय?" तोच अभिराज मध्ये पडला. "काकांनी दोनदा वाक्य दिलं. मीच गोंधळलो." विश्वेश्वररावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी तोंड उघडलं नाही ते नाहीच.

शनिवारी अभिराज दारात हजर. "काका, त्या दिवशी तुम्हाला वही दिसत नव्हती ना? मी कुणाला बोललो नाही. बोललो असतो तर तुमची जागा गेली असती. चला, डोळे दाखवून येऊ." हे नको नको म्हणत असताना त्यानं स्कूटरवर बसवलंच.

डॉक्टरांनी भिंतीवरचा तक्ता वाचायला सांगितला. सुटायचं तर किती सोपं होतं! दोन अक्षरं चुकवायची, झालं. अभिराज शेजारी काळजीनं बघत उभा होता. विश्वेश्वररावांनी चष्मा सारखा केला आणि वरपासून शेवटच्या बारीक ओळीपर्यंत सगळी अक्षरं वाचली.

"नजर उत्तम आहे," डॉक्टर म्हणाले.

बाहेर आल्यावर अभिराजनं विचारलं, "मग काका?"

"मी वाक्य दिलंच नाही रे. मुद्दाम दिलं नाही. प्रधान मी व्हायचा होतो. जळत होतो तुझ्यावर."

त्यानं स्कूटरला किक मारली. चार शिव्या घातल्या असत्या तरी परवडलं असतं! बसवनगुडीपर्यंत मुकाट स्कूटर चालवली, फाटकाशी थांबवली. "जपून उतरा काका," एवढंच म्हणाला. निघताना माणूस 'येतो' म्हणतो ना, ते तो म्हणाला नाही.